संगणकावरची परीक्षा, पण संगणकाला हात लावायचा नाही

‘लेखनिक हवा आहे. उद्या सकाळी ९ वाजता, हडपसर. अकरावी-बारावीचा असावा, आधार कार्ड सोबत आणावे.’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की आमच्या गटातली चार-पाच माणसं फोनाला लागतात. कुणी भाच्याला विचारतं, कुणी क्लासमधल्या पोरांना. दृष्टिहीन उमेदवारांना लेखनिक शोधून देण्याचं हे काम मी काही वर्षं करते आहे. मुलं येतात, मनापासून येतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नाही.

पण एका निरोपानंतर जे पाहिलं, ते डोक्यातून जात नाही. परीक्षा नोकरभरतीची होती, संगणकावरची. उमेदवार सव्वीस वर्षांचा, जन्मापासून दृष्टिहीन. एका कंपनीत ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देण्याचं काम करतो, म्हणजे रोज आठ तास संगणकावरच असतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून तो ज्या वेगाने वाचतो, तो आवाज मला नुसता ऐकूनही कळत नाही. अशा माणसाला केंद्रावर सांगण्यात आलं की कीबोर्डला हात लावायचा नाही, स्क्रीन रीडर चालणार नाही, बाजूला बसायचं आणि लेखनिकाला उत्तर सांगायचं. लेखनिक होता अकरावी कॉमर्सचा मुलगा. सरावात नसलेलं इंग्रजी तो अडखळत वाचत होता. पाच ओळी आणि सहा रकान्यांचं आकड्यांचं कोष्टक त्याने तीनदा वाचून दाखवलं. बाहेर आल्यावर उमेदवार मला म्हणाला, “ताई, गणित येत होतं हो. पण त्याला चौथ्यांदा वाच म्हणायची लाज वाटली.”

त्या परीक्षेत मोजलं काय गेलं? त्याची आकडेमोड, की त्या मुलाचं वाचन, की याचा भिडस्तपणा? ऑनलाइन शिक्षण आणि ऑनलाइन परीक्षा सर्वांना वापरता यायला हव्यात, असं म्हटलं की चर्चा लगेच सहानुभूतीकडे वळते. मला ती तिकडे न्यायची नाही. परीक्षा जे मोजायचा दावा करते ते ती मोजत नसेल, तर ती परीक्षा म्हणूनच नापास आहे, एवढं माझं म्हणणं आहे.

छापील कागद दृष्टिहीन माणसाला वाचता येत नाही, म्हणून मध्ये दुसरा माणूस लागला. लेखनिकाची सोय त्यातून आली आणि तिने हजारो मुलांना पदव्या मिळवून दिल्या. संगणकाचं मात्र तसं नाही. तो बोलू शकतो. त्याच्या पडद्यावरचा मजकूर कानाने ऐकता येतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचता येतो. परीक्षा कागदावरून संगणकावर गेली तेव्हाच लेखनिकाची गरज कमी व्हायला सुरुवात व्हायला हवी होती. आपण काय केलं? कागद काढला, संगणक ठेवला आणि लेखनिकाची खुर्ची होती तिथेच ठेवली. सोय म्हणून आलेली ही व्यवस्था आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची पळवाट झाली आहे. ‘लेखनिक दिलाय ना’ असं म्हटलं की त्यांची जबाबदारी संपते.

नियम वेगळंच सांगतो. केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, (२०२५ मध्ये त्यांची जागा नव्या तत्त्वांनी घेतली) त्यांतच परीक्षा कशी द्यायची हे उमेदवाराने निवडावं असं म्हटलं होतं: ब्रेलमध्ये, संगणकावर, मोठ्या अक्षरांत की लेखनिकाच्या मदतीने. ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ त्यातच होता. आणि एक तरतूद तर फारच शहाणपणाची होती. संगणकावर परीक्षा देणाऱ्याला एक दिवस आधी केंद्रावर येऊन यंत्र तपासू द्यावं, म्हणजे अडचण असेल तर दुरुस्त करता येईल. ही तरतूद मी केंद्रचालकांना दाखवायचे तेव्हा बहुतेकांनी ती पहिल्यांदाच वाचलेली असायची.

आता अडतं कुठे ते सांगते, कारण ते तपशीलच महत्त्वाचे आहेत. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘बघत’ नाही. पानाच्या मागे असलेला मजकूर आणि रचना तो वाचतो. हा प्रश्न आहे, हा ‘अ’ पर्याय आहे, तो निवडलेला नाही, हे त्याला कोडमधून कळतं. पण आपल्याकडे कित्येक संगणकीय परीक्षांत अख्खा प्रश्न चित्र म्हणून चिकटवलेला असतो, सूत्रं आणि मांडणी बिघडू नये म्हणून. डोळस उमेदवाराला फरक कळत नाही. दृष्टिहीन उमेदवाराला ऐकू येतं ‘ग्राफिक’. पुढे पर्यायांची गोल बटणं खरी बटणं नसतात, नुसती रंगवलेली खोकी असतात. कीबोर्डने तिथे पोचताच येत नाही, माउसच लागतो. वर कोपऱ्यातलं घड्याळ दर सेकंदाला स्वतःला जाहीर करायला लागलं, तर प्रश्नाच्या वाक्यावर ‘एकोणसाठ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद, एकोणसाठ मिनिटं सत्तावन्न सेकंद’ असा मारा सुरू होतो. सोडवलेले प्रश्न हिरवे आणि सोडून दिलेले लाल, एवढीच खूण असेल तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांचीही तीच गत. यातला एकही दोष दुरुस्त करायला मोठं संशोधन लागत नाही. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून लिहिलेले आहेत आणि वेळोवेळी सुधारलेही गेले आहेत. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं आहे आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या नोट्स, प्रश्नसंच आणि परिपत्रकं आजही जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं जातात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तीच ऐकू येतात. त्याहून वाईट म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स मोबाइलने स्कॅन करून बनवलेली पीडीएफ. तिच्यात अक्षरच नसतं, नुसता फोटो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. त्या आनंदात मी होते. पण बी.ए. मराठीच्या विद्यार्थिनीला मराठीच्याच नोट्स वाचता येत नसतील, तर तिच्यापुरता हा दर्जा दाराबाहेर थांबलेला आहे.

युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर संगणकाच्या पोटातही मराठीच ठेवणारी पद्धत, वापरलं की निम्मं काम होतं, सगळं नाही. मराठी आणि हिंदी एकाच लिपीत लिहिल्या जातात. पान मराठीत आहे हे कोडमधल्या एका छोट्या खुणेने सांगावं लागतं. ती नसली की यंत्र कधी इंग्रजी आवाजात देवनागरीवरून गप्प उडी मारतं, तर कधी मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचायला लागतं. मग ‘चार’मधला आणि ‘चमचा’मधला च एकच होऊन बसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतला फरक डोळ्यांना चटकन दिसतो. वाचणारा आवाज मराठीचा नसेल तर कानाला तो कळेलच असं नाही. व्याकरणाच्या प्रश्नात तर नेमका तोच गुण असतो. भाषेची ती खूण म्हणजे आंतरराष्ट्रीय निकषांतली सर्वात प्राथमिक पातळीवरची अट आहे. एका ओळीचं काम. मराठी शैक्षणिक संकेतस्थळं उघडून ती खूण शोधून बघा. मी जेव्हा जेव्हा शोधली, तेव्हा बहुतेकदा तिथे इंग्रजी भाषेची खूण सापडली.

आकृत्यांचा भाग खरोखर अवघड आहे, हे मान्य करते. त्रिकोणाची आकृती, वेग-काळ आलेख, नकाशा यांचं शब्दांत वर्णन करायचं तर उत्तरच फुटण्याची भीती असते. ‘वेग एकसारखा वाढतो आहे’ असं वर्णन लिहिलं की प्रश्नात विचारायला काही उरत नाही. पण ‘० सेकंदाला वेग ०, २ सेकंदांना १०, ४ सेकंदांना २०, हे बिंदू सरळ रेषेने जोडले आहेत’ असं लिहिलं तर डोळस मुलाला जेवढं दिसतं तेवढंच याला कळतं आणि निष्कर्ष दोघांनाही स्वतःच काढावा लागतो. असं वर्णन प्रोग्रामरला लिहिता येणार नाही. शेवटच्या रात्री डेटा भरणाऱ्यालाही नाही. ते प्रश्न काढणाऱ्या शिक्षकानेच, प्रश्न काढतानाच लिहायला हवं, कारण आकृतीतलं काय सांगायचं आणि काय उमेदवारावर सोडायचं हे फक्त त्यालाच माहीत असतं. जिथे हे शक्यच नाही, तिथे त्याच तोडीचा दुसरा प्रश्न द्यावा. सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी असे पर्यायी प्रश्न छापलेले असतात. प्रश्न काढणाऱ्यांच्या प्रशिक्षणात वर्णन लिहिण्याचा एक तास असावा, ही माझी सगळ्यात ठाम मागणी आहे. सॉफ्टवेअर कितीही चांगलं केलं तरी प्रश्नच मुका असेल तर ते काय वाचणार?

दृष्टिहीनांविषयी मी जास्त लिहिते आहे, कारण माझा संबंध त्यांच्याशी आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. कर्णबधिर मुलीला तासभराचं व्हिडिओ व्याख्यान कॅप्शनशिवाय (पडद्यावर उमटणाऱ्या बोलण्याच्या ओळींशिवाय) म्हणजे नुसते हलणारे ओठ. ज्याच्या हाताला कंप आहे, त्याला ‘योग्य चौकटीत ओढून सोडा’ हा प्रश्न विषयाचा राहत नाही, हाताचा होतो. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. यूपीएससीने लेखनिक नाकारला आणि ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर हा हक्क अडवता येणार नाही. त्याच वर्षी अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला नीटच्या केंद्रावर हक्काचा जादा तास मिळाला नाही, पेपर काढून घेतला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. ती परीक्षा कागदावरची होती. संगणकावरच्या परीक्षेत हा प्रसंग येण्याचं कारणच नाही. जादा वेळ उमेदवाराच्या लॉगिनलाच जोडता येतो. मग पर्यवेक्षकाला नियम माहीत आहे की नाही, यावर एखाद्याचं वर्ष अवलंबून राहत नाही.

घरून द्यायच्या परीक्षांत कॅमेऱ्याची पाळत असते. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घेतल्या, तेव्हा एका मुलीच्या घरी मी होते. तिचा लेखनिक शेजारी बसला की पडद्यावर इशारा यायचा, दुसरी व्यक्ती दिसते आहे. तिची नजर कॅमेऱ्यावर स्थिर नाही म्हणून आणखी एक इशारा. जन्मापासून न दिसणाऱ्या डोळ्यांची नजर स्थिर कशी असेल? हेल्पलाइनवरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये असा ऑप्शन नाही.” तो खरंच बोलत होता. तो ऑप्शन ठेवायचं बनवणाऱ्याला सुचलंच नव्हतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) बाबतीत नेमका हाच मुद्दा उचलला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, ही अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. बँकेच्या खात्याला जे लागू, ते पदवीच्या परीक्षेला का नको?

मला नेहमी ऐकावी लागणारी पहिली हरकत सुरक्षिततेची. परीक्षेचं सॉफ्टवेअर संगणकाला कुलूप लावतं, दुसरा प्रोग्राम चालू दिला तर कॉपी होईल. भीती खोटी नाही. पेपरफुटीने या देशातल्या लाखो मुलांचे कष्ट मातीत घातले आहेत. पण स्क्रीन रीडर उत्तरं सांगत नाही, पडद्यावर आहे तेच बोलतो. केंद्राच्याच संगणकावर, केंद्रानेच तो बसवावा, इंटरनेट बंद ठेवावं, हेडफोन केंद्राचा द्यावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये एका दृष्टिहीन तरुणाने सुरू केला. तो फुकट आहे, त्याचं कोड कुणालाही तपासता येतं आणि तो मराठीही वाचतो. लेखनिकाच्या पद्धतीत दोन माणसं कुजबुजत बसलेली असतात. त्याहून हे कमी सुरक्षित कसं?

दुसरी हरकत संख्येची आणि खर्चाची. ‘एका केंद्रावर असे असतात किती? एक, नाहीतर दोन.’ २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. ते केंद्रावर दिसत नसतील, तर ते का पोचले नाहीत हा प्रश्न आधी विचारायला हवा. खर्चाचं म्हणाल, तर तो मागाहून दुरुस्ती केली की फुगतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठाने फुकट व्याख्यानांचा मोठा साठा खुला केला होता. कर्णबधिर व दृष्टिहीनांना तो वापरता येत नाही, असं २०१६ मध्ये तिथल्या न्याय विभागाने कळवलं. दुरुस्तीचा खर्च झेपणार नाही म्हणत विद्यापीठाने २०१७ मध्ये २०,००० हून अधिक ध्वनिचित्रफिती लोकांच्या वापरातून काढूनच घेतल्या. दोष कायद्याचा, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला त्यात दिसतं ते एवढंच, की पहिल्या फितीपासून कॅप्शन घातल्या असत्या तर वीस हजारांचं ओझं साचलंच नसतं. आपल्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रम अजून वाढायचे आहेत. आपल्याला ती संधी आहे. आणि मजकूर मजकूर म्हणून दिला की पान हलकं होतं. चाळीस एमबीची स्कॅन पीडीएफ गडचिरोलीतल्या डोळस मुलाच्याही फोनवर उतरत नाही.

तिसरी गोष्ट हरकत नाही, काळजी आहे, आणि मला ती पटते. सगळ्या दृष्टिहीनांना संगणक येत नाही. कुणाची दृष्टी चाळिशीत गेलेली असते, कुणाच्या शाळेत संगणकच नव्हता. म्हणून लेखनिक काढून टाका असं मी कधीही म्हणणार नाही. निवड उमेदवाराची असावी आणि दोन्ही दारं खरोखर उघडी असावीत, एवढंच. आज एक दार भिंतीवर रंगवलेलं आहे.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, स्क्रीन रीडरवर अभ्यास केला आणि आयएएस झाल्या. त्यांचं कौतुक करताना आपण जिद्द हा शब्द फार वापरतो. जिद्द त्यांच्याकडे होतीच. पण वाचता येण्यासाठी जिद्द का लागावी? यूपीएससीच्या परीक्षांत स्क्रीन रीडर वापरू देण्याबाबत तर सर्वोच्च न्यायालयाला आयोगाकडून आराखडा मागवावा लागला, तेही २०२५ च्या अखेरीस.

कायदा आहे, पण त्याला दात हवेत. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या (सोयी-सेवा दिव्यांगांनाही वापरता येण्याच्या) नियमांतला मूळ दोष दाखवला. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणतो आणि त्याखालचा १५ वा नियम शिफारशीवर थांबतो. किमान अटी सक्तीच्या करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. राज्यातली विद्यापीठं, सीईटी कक्ष आणि भरती मंडळं यांना त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. परीक्षेचं कंत्राट देताना निविदेत एक अट घालता येते: दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हात न चालणाऱ्या उमेदवारांनी पूर्ण चाचणी स्वतः देऊन पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. कंपनीचं प्रमाणपत्र नको, माणसं बसवून चाचणी हवी. माणसं इथेच आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून हे काम करतं आहे, दृष्टिहीनांसाठी काम करणारी नॅब ही संस्था १९५२ पासून आहे. आणि सराव चाचणी त्याच सॉफ्टवेअरवर, महिनाभर आधी, सगळ्यांना खुली हवी.

हडपसरच्या त्या उमेदवाराने परीक्षेनंतर घरी जाऊन नेमकं तेच केलं. संकेतस्थळावरची सराव चाचणी एनव्हीडीए लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिली आणि कुठे कुठे अडलं त्याची यादी केली. अकरा मुद्दे. कोणत्या बटणाला नाव नाही, कोणत्या प्रश्नात चित्र आहे, घड्याळ कधी मध्ये बोलतं, सगळं क्रमांकासह. ती त्याने परीक्षा घेणाऱ्यांना ईमेलने पाठवली, एक प्रत मला. या गोष्टीला सात महिने झाले. उत्तर आलेलं नाही. अकराव्या मुद्द्याखाली त्याने आपला फोन नंबर दिला आहे आणि लिहिलं आहे, ‘दुरुस्ती केल्यावर तपासून द्यायला मी येऊ शकतो. रविवारी मला सुट्टी असते.’